दोन्ही बटणं दाबणारी माणसं

१२ मे

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, मनात साठवू नका, बोलत जा. मी विचारलं, कोणाशी? म्हणाले, घरच्यांशी. घरच्यांशी बोललो की तर तो वाढतो. म्हणून ही डायरी. लिफ्टचे सुटे भाग पुरवणारी कंपनी दर वर्षी देते, आजवर कोरीच राहायची.

घरात आम्ही तिघं. मी लिफ्टवाला. लिफ्ट बसवतो, दुरुस्त करतो, जन्म त्यातच गेला. ही, म्हणजे माझी बायको, औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळते. आणि आमची एकुलती एक मुलगी भिंगरी. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण लहानपणी एका जागी म्हणून बसायची नाही, तेव्हा भिंगरी म्हटलं आणि ते चिकटलं.

साठलंय ते असं. शाळा संपली की भिंगरी संगणकशास्त्राला जाणार हे दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. कॉलेज इथलंच, घरून चालत जाता येतं. हल्लीच्या लिफ्टमध्ये दोर आणि मोटर तेवढी आपली, बाकी सगळा कॉम्प्युटर. ती शिकून आली की मी आणि ती मिळून काम बघायचं, हे माझं गणित. आज जेवताना म्हणते, "बाबा, मी अर्जात आणखी एक कोर्स घातलाय. संगणकशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र. एकच पदवी."

"कुठे आहे?"

रात्रभर गाडीत बसावं लागेल एवढ्या लांब आहे.

मी म्हटलं, "घातलायस तर असू दे." आणि पाणी प्यायलो.

१५ मे

भिंगरीचा मामा आला होता. बँकेत मोठा साहेब आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर त्याचं एक मत असतं. कोर्सचं ऐकल्याबरोबर म्हणाला, "एक ना धड, भाराभर चिंध्या! उद्या नोकरी देणारा विचारेल, बाई, तू नक्की कोण? कॉम्प्युटरवाले म्हणतील ही त्यांची, अर्थशास्त्रवाले म्हणतील ही त्यांची. शेवटी तू कोणाचीच नाही."

भिंगरी म्हणाली, "मामा, तुमच्याकडे कर्ज कोणाला द्यायचं ते आता कोण ठरवतं?"

"सिस्टीम."

"आणि सिस्टीमला कोणी शिकवलं? कर्ज न कळणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याने की कॉम्प्युटर न कळणाऱ्या बँकवाल्याने?"

मामा बराच वेळ चहा ढवळत बसला. साखर तो घेत नाही. ही स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती ते मला दिसलं.

मला मात्र मामाचं पटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

२१ मे

चौदा मजली इमारतीचा सेक्रेटरी आज परत बोलला. माणूस निवृत्त आहे, म्हणजे तक्रार करायला सबंध दिवस मोकळा. मार्चमध्ये मी तिथे नवीन कंट्रोलर बसवला. दोन्ही लिफ्ट एकाच डोक्याने चालतात, जी जवळ असेल ती येते. तरी लोक म्हणतात, आधी बरं होतं. सकाळी लिफ्ट येत नाही, आली तर भरलेली येते, आणि जिथे कुत्रंसुद्धा उभं नाही तिथे थांबून दार उघडते.

कार्ड बदललं. दाराचे डोळे, म्हणजे सेन्सर, बदलले. वायर तपासल्या. फरक शून्य.

२४ मे

भिंगरी एरवी रविवारी कामावर बरोबर येते. आज रविवार नव्हता तरी घेऊन गेलो, टॉर्च धरायला. (टॉर्च माझ्या टोपीलाच असतो, पण अंधाऱ्या जागी दुसरा असलेला बरा.) तिने तो धरलाच नाही. सातव्या मजल्याच्या जिन्यावर फतकल मारून बसली आणि सकाळची गर्दी बघत राहिली. दुपारी म्हणते, "बाबा, मशीन ठीक आहे. माणसं हुशार आहेत."

झालंय असं. मधल्या मजल्यांवरच्यांना खाली जायचं असतं, पण खाली येणारी लिफ्ट वरूनच भरून येते. म्हणून ते वरचं आणि खालचं, दोन्ही बटणं दाबतात. वर जाणारी रिकामी लिफ्ट थांबली की आत शिरतात, तिच्यातून वर फिरून खाली येतात. जागा पक्की! मग खालच्या बटणासाठी दुसरी लिफ्ट येते, तेव्हा तिथे कोणी नसतं. आणि वरच्यांना मिळते ती आधीच भरलेली. मग वरचेही तेच शिकतात.

"एकेकाचं बघितलं तर कोणीच मूर्ख नाही," ती म्हणाली. "सगळ्यांचं मिळून मात्र वाटोळं होतंय."

मी इतके दिवस कार्डं बदलत होतो. राग आला, पण कोणावर काढायचा ते कळेना.

२९ मे

कंट्रोलरमध्ये एक सोय आहे. सकाळच्या वेळात एकाच मजल्यावर दोन्ही बटणं दाबली गेली तर फक्त खालचंच मानायचं, वरचं विसरायचं. ते लावून टाकलं. दोन दिवस इमारत शांत. सेक्रेटरीने चहा पाजला.

भिंगरीला म्हटलं, "बघ. यात अर्थशास्त्र कुठे आलं? सेटिंग बदललं, विषय संपला."

"बघू या चार दिवस," ती म्हणाली. शिष्टपणा आईकडून आलाय.

२ जून

चारच दिवस टिकलं. सातव्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांनी शोध लावला की नुसतं वरचंच बटण दाबलं तर कंट्रोलरला काही कळत नाही. आता बाई वरचं बटण दाबतात, आत शिरतात, चौदाव्यापर्यंत जातात आणि तशाच खाली येतात. आज तर घडीचं स्टूल घेऊन आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुमची लिफ्ट आता फार छान झाली हो. बसून जाता येतं."

त्यांचं बघून सहावा मजला आणि आठवा मजलाही तेच करू लागलाय. बाराव्या मजल्यावरचे माझ्या नावाने शंख करतायत. आगीतून उठून फुफाट्यात पडलो.

घरी सांगितलं तर भिंगरी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "बाबा, मला नेमकं हेच शिकायचंय. नुसतं संगणकशास्त्र केलं तर मी स्टूल येईपर्यंतचाच प्रोग्राम लिहीन. नुसतं अर्थशास्त्र केलं तर स्टूल का आलं ते सांगीन, पण कंट्रोलरला हात लावता येणार नाही."

मी म्हटलं, "एका म्हातारीच्या स्टुलासाठी चार वर्षं लांब जाऊन राहणार?"

ती उठून ताटं उचलायला लागली. मला वाटतं माझा मुद्दा तिला पटला असावा.

९ जून

पेंटरकडे गेलो होतो. व्हॅनवर नवीन बोर्ड रंगवायचाय. माझ्या नावापुढे 'आणि कन्या' असं लिहायचं मनात आहे. सगळीकडे 'आणि सन्स' असतं, आपलं जरा वेगळं. पेंटर म्हणाला, झकास दिसेल.

हिला सांगितलं. ही गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होती, मान वर न करता म्हणाली, "कन्येला विचारलंत का?"

"तिला सरप्राइज द्यायचंय."

"अहो, सरप्राइज ज्याला मिळतं त्याला आवडायला हवं, देणाऱ्याला नाही."

पेंटरला सांगून आलो, सध्या राहू दे.

१३ जून

इमारतीत रहिवाशांची मीटिंग झाली. मला जबाब द्यायला बोलावलं होतं. मी भिंगरीला नेलं, कारण घोळ समजावून सांगायला तिलाच जमतं. तिची सूचना अशी: सकाळच्या वेळात एक लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच जाईल, दुसरी मध्ये कुठे न थांबता आठव्यापासून वर. मग वर फिरून येण्यात कोणाचा फारसा फायदा उरत नाही. कंट्रोलरला हे सांगायला मला जेवणाआधीचा वेळ पुरतो.

मला वाटलं, लगेच टाळ्या पडतील. छे! मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. "डावी लिफ्ट मोठी आहे. ती कोणाला?" त्यावर वरचे आणि खालचे असे दोन तट पडले आणि भांडण पार पार्किंगपर्यंत पोचलं. मी हळूच खुर्ची मागे सरकवली. भिंगरी मात्र थांबली, सगळ्यांचं ओरडून होऊ दिलं आणि मग म्हणाली, "दर महिन्याला अदलाबदल करू. पहिल्या महिन्यात मोठी लिफ्ट खालच्यांना, कारण स्टूल त्यांच्याकडे आहे."

बाई स्वतःच हसल्या. मग सगळेच हसले. ठराव झाला.

मी मागच्या रांगेत होतो. पन्नास माणसं माझ्या मुलीकडे बघत होती आणि ती एकेकाच्या प्रश्नाला उत्तर देत होती. घरात हीच मुलगी भाजी आवडली नाही तर ताटाखाली लपवते. छाती भरून आली, खोटं कशाला लिहू.  परत येताना तिला एवढंच म्हणालो, "आवाज जरा मोठा ठेवायचा."

१८ जून

निकाल लागला. दोन्हीकडे जागा मिळाली. इथे नुसतं संगणकशास्त्र आणि तिकडे एकत्र कोर्स. तिकडची शिष्यवृत्तीही आहे, म्हणजे पैशाचं कारणही गेलं. कुठलीही एकच जागा पक्की करायची, मुदत सव्वीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. नाही केली तर तिकडची जागा दुसऱ्याला जाईल, इथली आपोआप पक्की होईल.

पक्की करायची रीत अशी: ती बटण दाबणार, पालकाच्या फोनवर कोड येणार, तो दहा मिनिटांच्या आत घालायचा. अर्जावर पालक म्हणून माझा नंबर आहे.

ही म्हणाली, "तिला जाऊ द्या हो." मी म्हटलं, मी कुठे अडवतोय?

२० जून

सहज म्हणून वसतिगृहांची माहिती काढली. तिकडच्या पाण्याने केस गळतात म्हणे. खोलीत तिघीतिघी असतात. रस्त्यावरच्या सिग्नलला कोणी थांबत नाही. हे सगळं तिला सांगितलं. ती नीट ऐकून घेते, हेच वाईट. वाद घातला असता तर मला बोलता तरी आलं असतं.

मला वाटतं तिचं अजून नक्की होत नाहीये. नाहीतर अठरालाच बटण दाबलं असतं. रोज संध्याकाळी माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसते, माझ्याकडे बघते आणि परत मिटते.

२४ जून

दुपारी कोड आला. मी चौदाव्या मजल्याच्या वर मशीनरूममध्ये होतो, हात ग्रीसने भरलेले. भिंगरीचा फोनही आला, तो घेता आला नाही. वर रेंज नसते. घरी पोचेपर्यंत कोड बाद होऊन गेला होता.

दार उघडतो तर भिंगरी हिला सांगत होती, "आज साइटच बंद होती गं आई, परवा करीन." म्हणजे माझ्यामुळे काही अडलं नाही. देव पावला.

साइट बंद होती तर कोड कसा आला कोण जाणे. हल्लीच्या कॉम्प्युटरचं काही सांगता येत नाही.

२५ जून

कालचं पान वाचलं. कोड आला असं लिहिलंय, फोन आला असं लिहिलंय, आणि खाली रेंज नव्हती असंही लिहिलंय. खोटं बोलणारा माणूस निदान स्वतःच्या वहीत तरी जरा जपून लिहितो.

खरं लिहितो. ग्रीस नव्हतं. फोन हातात होता. सहा आकडे समोर दिसत होते. तिचा फोन वाजत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. वाजायचा थांबला, परत वाजला, परत थांबला. मनात म्हटलं, दहा मिनिटं जाऊ दे, पुढे काय व्हायचं ते होईल. केस, सिग्नल, वसतिगृह यातलं एकही त्या वेळी डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की उद्यापासून टॉर्च धरायला कोणाला बोलवू?

मला ती घरात हवी आहे. बास. एवढं साधं वाक्य लिहायला दीड महिना लागला.

आज तिने बटण दाबलं नाही. कामाला जाताना हिने विचारलं, "उद्या शेवटचा दिवस ना?" मी म्हटलं हो. म्हणाली, "फोन चार्ज करून ठेवा." हिच्या बोलण्यात काही खोच होती का ते कळलं नाही.

२६ जून

आज त्या इमारतीत मोटरला तेल द्यायचं होतं, म्हणून दोन्ही लिफ्ट बंद ठेवल्या होत्या. दुपारी मशीनरूमचं दार वाजलं. बघतो तर भिंगरी. चौदा मजले जिन्याने चढून आली होती, पाठीला लॅपटॉप, चेहरा लाल.

"इथे कशाला आलीस?"

"इथे रेंज चांगली येते म्हणून," ती म्हणाली. "परवा तुमचा फोन पूर्ण वाजत होता."

माझ्या हातातला पाना खाली पडला. ती वाकली, उचलून माझ्या हातात दिला आणि माझ्याच हत्यारांच्या पेटीवर बसली. "तुमचं काम होऊ दे, बाबा. पाचपर्यंत वेळ आहे."

मी मोटर पुसली. ती पुसलेलीच होती, परत पुसली. साइट बंद नव्हती हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. तिने आईपाशी माझ्यावर पांघरूण घातलं होतं आणि मी देव पावला म्हणून लिहून मोकळा झालो होतो. लाज वाटली. एवढी लाज मला उभ्या आयुष्यात वाटलेली नाही.

म्हटलं, "पालकाचा नंबर म्हणजे तुझ्या आईचाही चालला असता की."

"चालला असता. मी कॉलेजला विचारलं होतं. दोन मिनिटांत बदलून देत होते."

"मग?"

"मग कोड आईने दिला असता, तुम्ही नाही."

ती लॅपटॉपकडे बघत बोलत होती. मी हात पुसले, फोन काढला आणि म्हटलं, "दाब."

कोड आला. मी एकेक आकडा वाचला, तिने एकेक घातला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं की जागा पक्की झाली. संगणकशास्त्र आणि अर्थशास्त्र, चार वर्षं. मला वाटलं होतं ती नाचेल. ती गुडघ्यात तोंड घालून रडायला लागली. मी गोंधळलो. मी समजत होतो की घाबरलेला माणूस या घरात एकच आहे.

तिच्या शेजारी पेटीवर बसलो. पेटी दोघांना पुरत नाही, अर्धा बाहेरच होतो. विचारलं, "आणि तिकडे मन नाही लागलं तर?"

डोळे पुसत म्हणाली, "तर तुम्हाला फोन करीन." मग जरा थांबून, "उचलाल ना, बाबा?"

उचलीन म्हटलं. आणि तिच्यासमोरच फोनचा आवाज पूर्ण मोठा करून ठेवला.